‘झोपायलाच तर जायचं!’

गेल्या दिवाळीनंतर आमच्या इथल्या मराठी मंडळात क्रूझच्या सहलींवर एक सचित्र व्याख्यान झालं. वक्ते अनुभवी होते, बारा-तेरा क्रूझ केलेले, बारकाईने हिशेब ठेवणारे. दीड तासात त्यांनी जे सांगितलं, त्यातलं बरंचसं उपयोगाचं होतं आणि मी ते वहीत टिपूनही घेत होते. एका वाक्याशी मात्र माझा हात थांबला. ते म्हणाले, “केबिनमध्ये झोपायलाच तर जायचं असतं. बाल्कनी घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. आतली, बिनखिडकीची केबिन घ्या आणि वाचलेल्या पैशांत हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरून या.” पुढे असंही म्हणाले की बाल्कनी घेतलेला माणूस तिथे दिवसाला जेमतेम वीस मिनिटं बसतो. समोरच्या बहुतेकांनी माना डोलावल्या.

चहाच्या वेळी निदान तीन कुटुंबांचं बोलणं माझ्या कानावर आलं. जूनमध्ये आई-वडील येताहेत, अलास्काचं बुकिंग करायचंय, त्यांना आतली केबिन बघू या, कारण ते काय, झोपायलाच जाणार. ते ऐकलं आणि घरी येऊन हे लिहायला बसले. त्या वक्त्यांबद्दल मला आदर आहे. त्यांचं ते वाक्य मात्र चुकीचं आहे, आणि त्याचा भुर्दंड सांगणाऱ्याला पडत नाही, घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसांना पडतो.

हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. २०१८च्या जूनमध्ये माझे वडील अण्णा आणि आई आमच्याकडे आले होते. आम्ही सिअ‍ॅटलजवळ राहतो. इथल्या मराठी घरांत आई-वडील उन्हाळ्यात आले की अलास्काची सहल जवळजवळ ठरलेली असते. बंदर घरापासून पाऊण तासावर, विमानाचा खर्च नाही, सात रात्री एकाच जागी मुक्काम, सामान एकदाच उघडायचं. आम्ही नवराबायको आणि दोन मुलं बाल्कनीच्या केबिनमध्ये, आणि बोळाच्या पलीकडे त्या दोघांना आतली केबिन, अशी वाटणी मीच केली होती. “त्यांना काय, रात्री पाठ टेकायला जागा हवी,” असं नवऱ्याला म्हटल्याचं आजही आठवतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारावर थाप पडली. दारात आई उभी, रडवेली. अण्णा केबिनमध्ये नव्हते.

अण्णांना आयुष्यभर पहाटे साडेतीनला जाग येण्याची सवय. आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार होतो. आईची झोप मोडू नये म्हणून त्यांनी दिवा लावला नाही. चाचपडत कपडे घातले, शाल घेतली आणि बाहेर पडले. केबिनचं कार्ड राहिलं दुसऱ्या पँटच्या खिशात. बोटीचे बोळ सगळे सारखे, दारं सारखी, गालिचा सारखा. अर्ध्या तासाने ते आम्हाला अकराव्या मजल्यावर सापडले. पोहण्याच्या तलावाजवळ ओल्या खुर्चीवर बसले होते, शाल दमट, हात बर्फासारखे गार. पलीकडे एक कर्मचारी पाइपने डेक धूत होता. अण्णा रागावले नाहीत की कुरकुरले नाहीत. एवढंच म्हणाले, “उजाडलंय का, ते बघायला आलो होतो.”

अलास्कातल्या जुनोला जूनमध्ये पहाटे चारच्या आत सूर्य उगवतो आणि रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो. अठरा तासांहून मोठा दिवस! आणि तो उजाडला की नाही हे बघायला त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला दोन लिफ्ट बदलून वर जावं लागलं, कारण त्यांच्या मुलीने त्यांच्या मुक्कामाची किंमत पलंगावर मोजली होती.

क्रूझची केबिन आणि हॉटेलची खोली एकच धरण्यात ही चूक होते. रोमला गेलात तर खोलीची खिडकी कुठे उघडते याला फारसा अर्थ नाही. रोम बाहेर आहे, ते पायी फिरून बघायचं असतं. अलास्काला सात रात्रींत बोट चार बंदरांना लागते. काही ठिकाणी आठ-दहा तास, कॅनडातल्या व्हिक्टोरियाला तर फक्त संध्याकाळपुरती. (तो थांबाही १८८६च्या एका अमेरिकी कायद्यामुळे आहे. परदेशी निशाणाच्या बोटीला अमेरिकेच्या एका बंदरातून निघून तिथेच परतायचं तर वाटेत परकं बंदर घ्यावं लागतं.) म्हणजे दीडशेहून जास्त तासांच्या प्रवासात जमिनीवर पाय असतात ते फार तर पस्तीस-चाळीस तास. उरलेला सगळा वेळ बोट चालत असते, आणि जे बघायला आपण आलो ते तिच्या दोन्ही अंगांनी सरकत असतं: देवदारासारख्या झाडांनी काळेभोर झालेले डोंगर, त्यांच्या माथ्यावरचं बर्फ, पाण्यातून एकदम उडणारा देवमाशाचा फवारा. त्याला वेळापत्रक नसतं. पहाटे चारला दिसतं, जेवताना दिसतं, दात घासतानाही दिसतं. ते बघायचं की नाही, हे त्या क्षणी तुम्ही कुठे आहात यावर ठरतं.

यावर लगेच उत्तर येतं की वरचा डेक सगळ्यांना मोकळा आहे, तिथे उभं राहायला कोण पैसे मागतो? व्याख्यानातही हे आलं. तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसासाठी ते बव्हंशी खरं आहे. पण आजच्या मोठ्या बोटींचा वरचा डेक एकदा डोळ्यांसमोर आणा. मध्यभागी तलाव, त्यावर भिंतीएवढा पडदा, सकाळी दहापासून गाणी, सरबतांचे ठेले आणि पहाटेच टॉवेल टाकून अडवलेल्या खुर्च्या. जुन्या बोटींना चहूबाजूंनी फिरता येईल असा रुंद सज्जा असे. नव्या बऱ्याच बोटींत तो आखडलाय, तुटलाय किंवा जीवरक्षक होड्यांखाली दडपलाय. हिमनदीच्या दिवशी कठड्याशी तीन-तीन, चार-चार रांगा लागतात. माझ्या आईची उंची चार फूट दहा इंच. तिथे तिला दिसल्या त्या लोकांच्या जाकिटांच्या पाठी. बाहेर आठ-दहा अंश तापमान, त्यात बोटीच्या वेगाचा वारा.

आणखी एक गोष्ट आहे, जी व्याख्यानांत कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. पंचाहत्तरीच्या माणसाला स्वच्छतागृह जवळ लागतं. मधुमेह असेल तर अर्ध्या-पाऊण तासाने लागतं. दोन मजले खाली जाऊन वर यायचं, तोवर कठड्याजवळची जागा गेलेली असते. एकदा खाली गेली की ती माणसं परत वर जात नाहीत. म्हणतात, “तुम्ही बघा, आम्ही खाली बसतो.” आपल्याला वाटतं, दमले असतील. त्यांनी आपली अडचण आपल्यापासून लपवलेली असते.

अण्णांना बोट नवी नव्हती. त्यांचं बालपण देवगडचं. रेल्वे कोकणात यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. पन्नासच्या दशकात ते आजोबांबरोबर बोटीने मुंबईला जायचे-यायचे. बोट खोल पाण्यात थांबायची, किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं आणि शिडीने वर चढायचं. पावसाळ्यात सगळं बंद. तिकीट डेकचं. डेकवर वळकटी पसरायची, उशाला ट्रंक, शेजारी आंब्याची पेटी, आणि रात्रभर वर आभाळ. खोल्या होत्या, पण त्या वरच्या वर्गाच्या. १७ जुलै १९४७ला ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर कोकणातल्या घराघरात बोटीची धास्ती बसली होती. माझी आजी अण्णांना निघताना देवाला नारळ ठेवूनच सोडायची. तरीही अण्णा बोटीच्या गोष्टी सांगतात तेव्हा भीतीचं बोलत नाहीत. पहाट होताना विजयदुर्गाचा किल्ला पाण्यातून कसा वर येई, तेच सांगतात.

त्या काळी बोटीवर समुद्र फुकट होता आणि भिंतींचे पैसे पडत. आज भिंती स्वस्त आहेत आणि समुद्राला भाव आहे. हे मला आवडत नाही, पण बोटी आता तशाच बांधल्या जातात. या बदलाला फार वर्षं झालेली नाहीत. १९८४मध्ये ‘रॉयल प्रिन्सेस’ नावाची बोट आली, तिच्या सगळ्या केबिन बाहेरच्या बाजूला होत्या आणि त्यांतल्या दीडशेच्या आसपास केबिनना स्वतःची बाल्कनी होती. त्याआधी बाल्कनी म्हणजे बोटीवरच्या अगदी मोजक्या खोल्यांचं वैभव. पुढे बाल्कन्यांच्या रांगांवर रांगा चढल्या, आणि मधला सार्वजनिक सज्जा आकसला. पूर्वी डेकवर वळकटी टाकून जे मिळायचं, ते आता बहुतेक बोटींवर त्या पाच-सात पावलांच्या बाल्कनीतच उरलंय. म्हणून ‘बाल्कनी म्हणजे श्रीमंतांचा शौक’ हे मला पटत नाही. अण्णांसाठी ते डेकचंच तिकीट आहे.

२०२४च्या जूनमध्ये आम्ही पुन्हा गेलो आणि वाटणी उलटी केली. बाल्कनी अण्णा-आईंना. आम्ही चौघं समोरच्या आतल्या केबिनमध्ये, दोघं खाली आणि मुलं भिंतीतून उघडणाऱ्या वरच्या पलंगांवर. आम्ही खरोखरच झोपायला जात होतो, त्यामुळे आमचं काही बिघडलं नाही.

बुधवारी बोट ग्लेशियर बेमध्ये शिरली. हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोनच क्रूझ बोटींना प्रवेश असतो. बंदर नाही, उतरणं नाही, दिवसभर फक्त बघायचं. सकाळी उद्यानाचे वनरक्षक छोट्या होडीतून येऊन बोटीवर चढतात आणि ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात. केबिनमधल्या टीव्हीवरही ते ऐकू येत होतं, म्हणून आम्ही बाल्कनीचं दार उघडं ठेवून आवाज वाढवला. १७९४मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथे आली तेव्हा खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडापाशीच बर्फाची भिंत होती. १९१६पर्यंत ते बर्फ शंभरेक किलोमीटर मागे हटलं. म्हणजे ज्या पाण्यावरून आम्ही सकाळभर चाललो होतो, ते सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फाच्या पोटात होतं. हे ऐकून आई कितीतरी वेळ पाण्याकडेच बघत राहिली.

बाल्कनीत दोनच खुर्च्या. अण्णा एका खुर्चीत कानटोपी, स्वेटर, त्यावर शाल आणि पायांवर पलंगावरची रजई घेऊन. आई दुसरीत. आदल्या रात्री खालून थर्मासमध्ये गरम पाणी भरून आणलं होतं, घरून आणलेली चहाची पूड आणि साखर होतीच. आम्ही बाकीचे दारात दाटीने उभे. खाडीच्या टोकाशी मार्जरी हिमनदी समोर आली. रुंदी दीडेक किलोमीटर, पाण्याच्या वर पंचाहत्तर मीटरच्या घरात. रंग पांढरा नव्हता. भेगांत नीळ घातलेल्या धोतरासारखी निळाई होती. बोट उभी राहिली, इंजिनाची घरघर जवळजवळ थांबली आणि कप्तानाने तिला जागच्या जागी हळूहळू फिरवलं, दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं म्हणून. मग त्या भिंतीचा एक सुळका सुटला. आधी दिसला तो पडणारा बर्फ, अगदी निःशब्द. आवाज मागाहून आला, आषाढातल्या दूरच्या गडगडाटासारखा. त्यानंतर कितीतरी वेळाने पाण्याची लाट येऊन बोटीच्या अंगाला लागली. आईने अण्णांचा हात धरला होता. आमच्यासमोर तिने त्यांचा हात धरलेला मी त्याआधी पाहिलेला नव्हता.

वरच्या डेकवरही त्या क्षणी ते सगळ्यांना दिसलंच. पण तिथे पडद्यावर जाहिरात चालू होती आणि माणसं फोन उंच धरून आरडाओरडा करत होती, असं माझ्या मुलाने खाली येऊन सांगितलं. आणि नंतर तो बाल्कनीतून हलला नाही.

आता पैशांचं. आमच्या त्या सहलीत आतली केबिन आणि बाल्कनी यांतला फरक माणशी चारशे डॉलरच्या आसपास होता, म्हणजे दोघांचे आठशे. रक्कम लहान नाही. पण वक्त्यांनी सुचवलेल्या हेलिकॉप्टरच्या दोन तिकिटांत जवळपास तेवढेच गेले असते. ती सहल दोन-तीन तासांची. जुनोला पाऊस-धुकं नेहमीचं, हवा बिघडली की उड्डाण रद्द. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आईला त्या हेलिकॉप्टरमध्ये चढवणार कोण, आणि बर्फावर उतरवणार कोण? न पिणाऱ्या घरात पेयांचं पॅकेज घेणारी, बोटीवरच्या फोटोग्राफरकडून शंभर-दोनशे डॉलरचे फोटो विकत घेणारी, वेगळ्या हॉटेलात जेवायचे जास्तीचे पैसे भरणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. ते खर्च कुणी मोजत नाही. बाल्कनीचा आकडा तिकिटावर ढळढळीत दिसतो, म्हणून कात्री तिथेच लागते. फरक कमी करायचा असेल तर मे किंवा सप्टेंबरमधली सहल बघा. हंगामाच्या दोन्ही टोकांना भाव बरेच उतरतात, आणि मेमध्ये आई-वडील अनेकदा इथे आलेलेही असतात.

‘बोट लागते, म्हणून आतली बरी’ हाही नेहमीचा मुद्दा. यात अर्धं तथ्य आहे. सिअ‍ॅटलहून निघणाऱ्या बोटी व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, उघड्या महासागरातून जातात आणि पहिला पूर्ण दिवस हेलकाव्यांचा असतो. बोट कमीत कमी हलते ती मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर. बाल्कन्या बहुधा वरच्या मजल्यांवर असतात, म्हणून अगदी पुढची किंवा अगदी मागची, सगळ्यांत वरची बाल्कनी बोट लागणाऱ्याने घेऊ नये, हे मान्य. पण बोट लागते ती नुसती हलण्याने नाही. कानाच्या आतलं तोलाचं इंद्रिय सांगतं, हलतोय. बंद खोलीतल्या भिंती डोळ्यांना सांगतात, स्थिर आहोत. या भांडणात पोट बिघडतं. उपाय आपल्या कोळ्यांना आणि खलाशांना माहीत आहे: मोकळ्या हवेत या आणि क्षितिजावर नजर लावा. २०२४च्या सहलीत त्या दिवशी, रविवारी, आईला बोट लागली. अकरा वाजता तिला बाल्कनीत बसवलं, तोंडात आल्याचा तुकडा, नजर लांब. बारापर्यंत ती जेवायचं विचारू लागली. २०१८ला याच पाण्यात ती दिवसभर अंधाऱ्या केबिनमध्ये उलट्या करत पडून होती.

सुरक्षिततेची शंका मात्र मी गंभीरपणे घेते. २३ मार्च २००६च्या पहाटे ‘स्टार प्रिन्सेस’ बोट कॅरिबियन समुद्रात असताना एका बाल्कनीत आग लागली, बहुधा विझवली न गेलेल्या सिगारेटने. बाल्कन्यांमधल्या प्लॅस्टिकच्या पडद्यांनी ती पसरत गेली आणि एका प्रवाशाचा जीव गेला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले. बाल्कनीतलं सामान, आग ओळखणारी यंत्रणा, पाण्याचे फवारे यांच्या अटी आल्या, आणि आज बहुतेक बोटींवर बाल्कनीत धूम्रपानाला बंदी आहे. ती बंदी मोडणाऱ्याची तक्रार करायला संकोचू नका. लहान मूल असेल तर खुर्ची कठड्यापासून दूर ठेवा आणि दाराची वरची कडी लावा.

दुसऱ्या बाजूला फेब्रुवारी २०२० आठवा. योकोहामाला ‘डायमंड प्रिन्सेस’ थांबवली गेली, ३,७११ माणसं बोटीवर, सातशेहून अधिक जणांना करोनाची लागण. प्रवाशांना दोन आठवडे आपापल्या केबिनमध्ये डांबून ठेवलं होतं. बिनखिडकीच्या केबिनमधल्यांना मास्क लावून आळीपाळीने थोडा वेळ डेकवर सोडत, एवढाच त्यांचा दिवस. त्या बोटीवर १३८ भारतीय होते, त्यांतले बहुतेक कर्मचारी. अशी वेळ रोज येत नाही आणि तिच्या भीतीने बाल्कनी घ्या असं मी म्हणत नाही. पण केबिन म्हणजे फक्त झोपायची जागा, हे त्या माणसांना सांगून बघावं.

कर्मचाऱ्यांवरून आठवलं. आमची खोली आवरणारा मुलगा कुडाळकडचा निघाला. अण्णांचं मालवणी ऐकून तो दारातच थबकला. गोव्याची आणि तळकोकणाची कितीतरी मुलं या बोटींवर आहेत. अण्णांनी त्याला विचारलं, तुझी खोली कुठे? तो म्हणाला, “काका, आमची खोली पाण्याच्या खाली आसा. ड्युटी सुटली की पयलो वर जातंय आणि आभाळ बगतंय.” बोटीवर वर्षातले आठ-नऊ महिने काढणाऱ्या माणसाचं हे म्हणणं मी बारा क्रूझ केलेल्या प्रवाशाच्या म्हणण्यापेक्षा वजनदार मानते.

सरसकट सगळ्यांनी सगळीकडे बाल्कनीच घ्यावी, असं माझं म्हणणं नाही. मुंबईहून गोव्याला दोन रात्रींसाठी जाणार असाल तर साधी खिडकीची केबिन पुरते. किनारा दूर, बराच प्रवास अंधारात, आणि मित्रमंडळी असतील तर कुणी खोलीत बसत नाही. एकट्याने जाणाऱ्याला बहुधा दोघांचं भाडं भरावं लागतं, त्याचं गणितच वेगळं. आणि त्या आठशे डॉलरवर जायचं की नाही हेच ठरणार असेल, तर आतली केबिन घ्या आणि खुशाल जा. पण मग त्याला तडजोड म्हणा, शहाणपण म्हणू नका.

बाल्कनी घ्यायची तर डोळे उघडे ठेवून घ्यावी, कारण या नावाखाली बरंच काही विकलं जातं. २००९च्या ‘ओअ‍ॅसिस ऑफ द सीज’पासून काही अजस्र बोटींत बोटीच्या पोटातल्या बागेवर उघडणाऱ्या बाल्कन्या आहेत. समुद्र बघायचा असेल तर त्या कामाच्या नाहीत. काही नव्या बोटींत बाल्कनी म्हणजे बटण दाबल्यावर अर्धी खाली जाणारी काच. काही आतल्या केबिनच्या भिंतीवर समुद्राचं थेट चित्रण दाखवणारा पडदा असतो. त्याला वारा नसतो, वास नसतो. जीवरक्षक होड्यांच्या मागच्या बाल्कनीतून होडीचं टपच दिसतं, ती स्वस्त का आहे ते आधी विचारा. केबिनचा क्रमांक कंपनीच्या मर्जीवर सोडला तर थोडे पैसे वाचतात, पण आईवडिलांसाठी हा जुगार करू नका. नकाशा मागवा आणि केबिनच्या वर आणि खालीही केबिनच आहेत ना, ते बघा. वर भोजनगृह असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचे आवाज तुमच्या डोक्यावर होतात.

बाजूबद्दलही लोक विचारतात. पूर्वी साहेबलोक मुंबईला येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन घेत, तांबड्या समुद्रातलं ऊन टाळायला, आणि त्यासाठीच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरूनच ‘पॉश’ हा शब्द आला अशी गोष्ट सांगतात. तशी अक्षरं छापलेलं एकही तिकीट कुणाला सापडलेलं नाही. अलास्काला व्हँकुव्हरहून उत्तरेकडे एकेरी जाणार असाल तर उजवी बाजू घ्या, जमीन तिकडे असते. जाऊन-येऊन सहलीत कुठलीही चालते.

राहिली ती दिवसाला वीस मिनिटं. हा आकडा कुठून आला, हे वक्त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडे मात्र मोजमाप आहे, आणि ते ठेवताना कुणालाही काही सिद्ध करायचं नव्हतं. आई लग्नापासून रोजनिशी लिहिते. दुधाचा हिशेब, औषधांच्या वेळा, कोण आलं, कोण गेलं. बोटीवरही तिने ती लिहिली. व्याख्यानानंतर मी डोंबिवलीला त्यांच्या घरी फोन करून तिला त्या आठवड्याची पानं वाचून दाखवायला सांगितली आणि इकडे कागदावर बेरीज केली. सात दिवसांत अण्णा बाल्कनीत बसले ते ३६ तास. आई स्वतः २१. तिने वाचलेल्यातलं थोडंसं जसंच्या तसं देते.

“सोमवार. प. ३.५० हे बाहेर. ६ वा. मला उठवलं, देवमासा दिसला म्हणून. मी जाईपर्यंत गेला. दोघं ७.३० पर्यंत बाहेर.”

“बुधवार. प. ३.४० हे बाहेर. थर्मासचा चहा. दिवसभर बर्फ. माझ्या गोळ्या दुपारी राहिल्या, ४ वा. घेतल्या. रात्री ९.३०लाही उजेड, हे आत येईनात.”

“शनिवार. सामान काल रात्रीच दाराबाहेर दिलं. ५ वा. सिअ‍ॅटल दिसू लागलं, धुकं आहे. उतरायचं ८ वा. हे अजून बाहेर. चहा गार झाला.”